वाय-फाय स्कॅनर ॲपचा आकडा मध्येच गोठतो किंवा यादी रिकामी येते: कारणं आणि उपाय

राउटर बाहेरच्या खोलीत, मी त्याच्यापासून दोन हातांवर. फोनवर स्कॅनर ॲप, म्हणजे आसपासची वाय-फाय नेटवर्क्स आणि त्यांचा सिग्नल दाखवणारं ॲप उघडलं, आकडे आले: उणे ५२, उणे ४७, उणे ४९, उणे ४८ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). ठीक. फोन हातात धरून मागच्या खोलीत गेलो, दार लावलं, कोपऱ्यात उभा राहिलो. आकडा उणे ४८. भिंतीला चिकटलो, तरी उणे ४८. मध्ये दोन पक्क्या भिंती असताना एवढा सिग्नल मिळत असेल तर राउटर बनवणाऱ्याच्या पायाच पडायला हवं. मिनिट-दीड मिनिट तिथंच रेंगाळलो, तेव्हा आकडा धाडकन उणे ७३ वर कोसळला, दोन-तीनदा अंकभर इकडेतिकडे झाला. मग परत येऊन राउटरसमोर उभा राहिलो, तर तिथं उणे ७१! राउटर हातभर अंतरावर आणि ॲप म्हणतंय सिग्नल मरायला टेकलाय.

ॲप काढून पुन्हा टाकलं. राउटर बंद-चालू केला. फोन रीस्टार्ट केला. प्रत्येक वेळी पहिली काही सेकंदं आकडे नाचले आणि मग पुन्हा गोठले. "ॲप हँग होतंय", "फोनचं वाय-फाय गेलंय", "राउटर मध्येच झोपतो" अशा तीन वेगवेगळ्या शब्दांत हीच तक्रार माझ्याकडे येत असते, आणि तिन्ही निदानं चुकीची असतात. ॲप धडधाकट असतं, फोनही. राउटर तर बिचारा सेकंदाला जवळजवळ दहा वेळा आपलं नाव हवेत पुकारत असतो. आड येतं ते फोनच्या ऑपरेटिंग सिस्टीमने स्कॅनवर लावलेलं रेशन. स्क्रीनवरचा आकडा खोटा नसतो, शिळा असतो. एवढं एकदा ध्यानात आलं की निम्मा गोंधळ संपतो.

आधी शिळेपणा तपासा

सेटिंग्जमध्ये हात घालण्याआधी खात्री करून घ्या. दुसरा एखादा फोन घ्या आणि त्याचा हॉटस्पॉट सहज ओळखू येईल अशा नावाने तयार ठेवा. बँड, म्हणजे वाय-फायच्या लहरींचा पट्टा, २.४ गिगाहर्ट्झच ठेवा, नाहीतर परीक्षेतच दुसरा घोळ व्हायचा. आता स्कॅनर ॲप उघडून अर्धा मिनिट तसंच चालू द्या, मग हॉटस्पॉट सुरू करा आणि घड्याळ लावा. नाव यादीत यायला पाच-दहा सेकंद लागले तर स्कॅन ताजे होत आहेत. मिनिट उलटून गेलं आणि मग एकदम नाव उगवलं, तर तुमचं ॲप रेशनच्या रांगेत उभं होतं. उलटंही करून पाहा: हॉटस्पॉट बंद करा. बंद झालेलं नेटवर्क मिनिटभर तितक्याच जोमदार सिग्नलसह यादीत बसलेलं दिसलं तर आणखी पुरावा नको.

काही ॲप्स प्रत्येक नेटवर्कसमोर "इतक्या सेकंदांपूर्वी दिसलं" असं लिहितात. अशी सोय असलेलंच ॲप वापरा. अँड्रॉइड प्रत्येक नोंदीबरोबर ती कधी ऐकू आली त्याची वेळही ॲपला देतं; ती दाखवायची की झाकायची हे ॲप बनवणाऱ्याच्या हातात. शिळा आकडा ताज्या ठिपक्यासारखा आलेखावर रंगवणारं ॲप दिसायला कितीही देखणं असलं तरी माझ्या फोनवर टिकत नाही.

रेशन नेमकं किती?

अँड्रॉइडवर ॲप स्वतः रेडिओला हात लावत नाही. ते सिस्टीमला विनंती करतं, "एकदा स्कॅन कर", आणि स्कॅन झाला की यादी मागून घेतं. अँड्रॉइड ७ पर्यंत ही विनंती हवी तितक्या वेळा करता यायची. २०१७ मध्ये अँड्रॉइड ८ आलं आणि पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रत्येक ॲपला अर्ध्या तासात एकच स्कॅन असा नियम झाला; समोर उघडं असलेलं ॲप मात्र मोकळं होतं. खरी कात्री लागली २०१८ च्या अँड्रॉइड ९ मध्ये. समोर उघड्या असलेल्या ॲपला दोन मिनिटांत चार स्कॅन, आणि मागे चाललेल्या सगळ्या ॲप्सना मिळून अर्ध्या तासात एक. पुढच्या आवृत्त्यांत हाच हिशेब राहिला.

आता माझा सुरुवातीचा अनुभव या हिशेबात बसवून पाहा. ॲप दर पाच सेकंदांनी स्कॅन मागत होतं. पहिल्या पंधरा सेकंदांतच चारही स्कॅन खर्ची पडले: ५२, ४७, ४९, ४८. त्यानंतरची प्रत्येक विनंती सिस्टीमने नाकारली. यादी मागितली तर मिळाली, पण जुनीच. पहिल्या स्कॅनला १२० सेकंद झाले तेव्हा पुन्हा एक जागा मोकळी झाली, मग पाच-पाच सेकंदांनी आणखी तीन, आणि पुन्हा दार बंद. म्हणून चार उड्या, मग पावणेदोन मिनिटं शांतता, मग पुन्हा चार उड्या. आलेखावर अशी नक्षी दिसली की निदान झालंच म्हणून समजा. मोजणी ठरावीक मिनिटाला शून्यावर येत नाही, दर वेळी मागची १२० सेकंदं पाहिली जातात. त्यामुळे "दोन मिनिटं थांबलो, तरी एकदाच आकडा हलला" असंही होतं.

ॲप बदलून किंवा त्याची जुनी आवृत्ती शोधून काही होत नाही ते याच कारणाने. कुलूप ॲपमध्ये नाही, सिस्टीममध्ये आहे. जाहिराती काढण्यासाठी पैसे मोजून घेतलेली आवृत्तीही त्याच रांगेत उभी राहते.

हे रेशन आणलं तरी का? एक कारण बॅटरी. दुसरं, स्कॅन करताना रेडिओला आपलं चॅनल (बँडमधला ठरलेला छोटा भाग) सोडून बाकीच्या चॅनलांवर कान लावून यावं लागतं, तेवढा वेळ तुमचा व्हिडिओ कॉल अडखळतो. तिसरं कारण मोठं. आसपासच्या राउटरांचे हार्डवेअर पत्ते कळले की माणूस कुठं आहे ते जीपीएसशिवाय कळतं, कारण कोणता राउटर कुठं आहे याच्या प्रचंड याद्या तयार आहेत. इनमोबी या जाहिरात कंपनीने लोकांनी लोकेशनला नकार दिलेला असतानाही वाय-फायच्या आडून त्यांचा ठावठिकाणा काढला, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये तिच्याकडून ९ लाख ५० हजार डॉलरचा दंड वसूल केला. नियमामागचं कारण मला पटतं. चीड येते ती याची की चार खोल्यांचा सिग्नल मोजणाऱ्यालाही त्याच काठीने हाकलं.

अँड्रॉइड १० किंवा पुढचा फोन असेल तर

अँड्रॉइड ९ च्या काळात नेटवर्कचं काम करणाऱ्यांनी आणि ॲप बनवणाऱ्यांनी गूगलकडे तक्रारींचा ढीग लावला, तेव्हा २०१९ च्या अँड्रॉइड १० मध्ये एक बटण मिळालं. ते डेव्हलपर पर्यायांत दडलेलं आहे.

सेटिंग्जमध्ये "फोनबद्दल" उघडा आणि बिल्ड नंबरवर लागोपाठ सात वेळा टॅप करा. सॅमसंगच्या फोनवर बिल्ड नंबर एक पायरी आत, सॉफ्टवेअरच्या माहितीत असतो. शाओमीच्या फोनवर त्याऐवजी मियूआय किंवा हायपरओएसच्या आवृत्तीवर टॅप करावं लागतं. पिन विचारला तर द्या. मग डेव्हलपर पर्याय उघडून नेटवर्किंगच्या भागात "वाय-फाय स्कॅन थ्रॉटलिंग" शोधा आणि ते बंद करा. ही ओळ दोनदा वाचा. थ्रॉटलिंग म्हणजे गळा आवळणं. आवळणं बंद करायचं आहे, त्यामुळे बटण बंदच हवं. "सुरू केलं तरी फरक नाही" म्हणणारे निम्मे लोक इथंच फसलेले असतात, कारण ते मुळात सुरूच होतं. त्यांनी एकदा बंद करून घाईघाईने पुन्हा सुरू केलेलं असतं.

त्यानंतर ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा आणि हॉटस्पॉटची परीक्षा पुन्हा घ्या.

बटण बंद केलं तरी दर सेकंदाला नवा आकडा मिळेल अशी आशा धरू नका. पूर्ण स्कॅनला दोन-चार सेकंद लागतातच, आणि यात कुणाचा नियम नाही, नुसतं गणित आहे. राउटर आपली हाक, म्हणजे बीकन, साधारणपणे १०२.४ मिलिसेकंदांनी एकदा देतो. ५ गिगाहर्ट्झमधल्या ५२ ते १४४ या चॅनलांवर रडारला आधी मान असतो, त्यामुळे तिथं फोनने "कोणी आहे का?" असं ओरडायचं नाही, गप्प बसून बीकनची वाट पाहायची. अशी सोळा चॅनल्स, प्रत्येकावर दहावा हिस्सा सेकंदाहून थोडं जास्त. दीड-पावणेदोन सेकंद एवढ्यातच गेले, बाकीची चॅनल्स वेगळीच. म्हणून चालता चालता मोजू नका. जागेवर उभं राहा, दहा-पंधरा सेकंद द्या, तीन-चार ताजे आकडे येऊ द्या, मग पुढची जागा.

बटण नाही किंवा त्याला हात लावायचा नाही

अँड्रॉइड ९ वर अडकलेल्यांकडे हे बटण नाही. काही जणांना डेव्हलपर पर्याय उघडायची भीती वाटते, तर कामाच्या फोनवर ते उघडायला परवानगीच नसते. त्यांच्यासाठी माझी आवडती युक्ती: स्क्रीन दुभागा. वरच्या भागात फोनची स्वतःची वाय-फाय नेटवर्कांची यादी उघडी ठेवा आणि खालच्या भागात स्कॅनर ॲप. सेटिंग्जच्या त्या पडद्याला रेशन लागू नाही, तो उघडा असेपर्यंत साधारण दर दहा सेकंदांनी सिस्टीम स्वतः स्कॅन करत राहते. त्या स्कॅनची यादी सगळ्या परवानगीधारक ॲप्सना मिळते. म्हणजे ॲपने स्कॅन मागितला नाही, पण शेजाऱ्याच्या ताटातलं वाढून घेतलं. बहुतेक ॲप्स या आयत्या याद्या लगेच उचलतात, एखादं मख्खपणे आपल्याच स्कॅनची वाट पाहत बसतं.

दुसरा मार्ग कपाटात असतो. खणात पडलेला जुना फोन अँड्रॉइड ७ किंवा त्याआधीचा असेल तर त्याला रेशनच माहीत नाही, आणि अँड्रॉइड ८ असेल तरी समोर उघडं ॲप मोकळं असतं. चार्जिंगला लावून जागा करा. फक्त तो ५ गिगाहर्ट्झ ऐकू शकतो का ते आधी पाहा. स्वस्तातले बरेच जुने फोन २.४ च्या पुढे बहिरे असतात.

आणि एक सोपा मार्ग, जो सगळ्यात कमी लोक वापरतात. तुम्हाला फक्त आपल्याच राउटरचा सिग्नल कुठं किती येतो ते पाहायचं आहे का? मग स्कॅनची गरजच नाही. ज्या नेटवर्कला फोन जोडलेला आहे त्याची सिग्नलची ताकद सिस्टीम स्क्रीन चालू असताना साधारण दर तीन सेकंदांनी स्वतःच मोजत असते, आणि त्या आकड्यावर रेशन नाही. चांगल्या ॲपमध्ये "जोडलेलं नेटवर्क" किंवा "सध्याचा सिग्नल" असा वेगळा पडदा असतो. तोच उघडा आणि खोल्या फिरा. शेजारच्या राउटरांची गर्दी, मोकळं चॅनल हे सगळं पाहायचं तेव्हाच स्कॅन लागतो, आणि ती गर्दी काही पाच-पाच सेकंदांना बदलत नाही. तिला चार स्कॅन पुरून उरतात. मागच्या खोलीत त्या दिवशी मला खरंतर हाच पडदा हवा होता.

इथं एक ठेच लागते. राउटर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला एकच नाव देत असेल तर दूर जाताना फोन गुपचूप बँड बदलतो आणि आकडा खाली जायच्या ऐवजी एकदम सुधारतो. नावाकडे पाहू नका, खालच्या हार्डवेअर पत्त्याकडे आणि चॅनलकडे पाहा.

यादीच रिकामी येते

हे दुखणं वेगळं, रेशनशी त्याचा संबंध नाही. ॲप उघडतं, चक्र फिरतं, एकही नेटवर्क दिसत नाही, घरचंसुद्धा नाही. दहातल्या नऊ वेळा गाठ लोकेशनची असते. वर सांगितलेल्या ठावठिकाण्याच्या कारणामुळे स्कॅनची यादी पाहणं म्हणजे लोकेशन पाहणंच असं अँड्रॉइड मानतं.

तीन गोष्टी पाहा. ॲपला लोकेशनची परवानगी आहे का. फोनचं लोकेशनचं मुख्य बटण चालू आहे का. बॅटरी वाचवायला लोक ते बंद ठेवतात, आणि मग परवानगी असूनही यादी रिकामी. तिसरी गोष्ट सगळ्यात फसवी. अँड्रॉइड १२ पासून (२०२१) परवानगी देताना "अचूक" की "अंदाजे" असं विचारतात. आपण सावध माणूस म्हणून "अंदाजे" निवडतो. परवानगी दिलेली दिसते, मुख्य बटण चालू दिसतं, आणि यादी मात्र कोरी. स्कॅनला अचूकच लागतं. ॲपच्या परवानग्यांत जाऊन "अचूक लोकेशन वापरा" चालू करा.

लोकेशनच्या सेटिंग्जमध्ये "वाय-फाय स्कॅनिंग" नावाचं आणखी एक बटण सापडतं आणि लोक त्याच्याशी तासभर खेळतात. त्याचा या दुखण्याशी संबंध नाही. वाय-फाय बंद असतानाही ठावठिकाणा सुधारण्यासाठी स्कॅन करू द्यायचा का, एवढंच ते ठरवतं. ते चालू केल्याने रेशन वाढत नाही, बंद केल्याने यादी भरत नाही.

बाकी सगळी दिसतात, एकच दिसत नाही

राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं चॅनल नुकतंच बदललं असेल तर मिनिटभर थांबा. रडारवाल्या चॅनलवर बसण्याआधी राउटरला निदान ६० सेकंद गप्प राहून रडार नाही ना ते ऐकावं लागतं. काही चॅनलांवर युरोपीय नियमांनी हा वेळ दहा मिनिटांचा आहे. तेवढा वेळ नेटवर्क हवेतच नसतं, स्कॅनर दाखवणार काय? २.४ मधलं चॅनल १२ किंवा १३ असेल तर काही फोन देशाच्या सेटिंगमुळे तिकडे बघतच नाहीत. राउटर १, ६ किंवा ११ वर आणून पाहा. ६ गिगाहर्ट्झचं नेटवर्क फक्त वाय-फाय ६ई किंवा ७ च्या फोनलाच ऐकू येतं, ॲप कितीही नवं असो.

आयफोनवाल्यांसाठी

थोडक्यात सांगतो, कारण इथं चाव्या कमी आहेत. आसपासच्या नेटवर्कांची सिग्नलसकट यादी देणारी सोय ॲपल साध्या ॲप्सना देतच नाही. २०१० च्या मार्चमध्ये ॲपलने वाय-फाय शोधणारी ॲप्स स्टोअरमधून काढून टाकली, कारण ती आतल्या, खासगी यंत्रणेला हात घालत होती. तेव्हापासून दार बंदच आहे. त्यामुळे स्टोअरमध्ये "वाय-फाय स्कॅनर" नावाने जे मिळतं ते बहुतेक वेळा हवेतली नेटवर्क्स शोधत नाही, तुम्ही जोडलेल्या नेटवर्कवरची उपकरणं शोधतं. नाव वाचून पैसे भरू नका.

एक अपवाद खुद्द ॲपलचाच आहे. एअरपोर्ट युटिलिटी हे मोफत ॲप घ्या. ॲप न उघडता फोनच्या सेटिंग्जमध्ये त्याच्या नावाखाली जा आणि "वाय-फाय स्कॅनर" चालू करा. मग ॲप उघडल्यावर स्कॅनचा पर्याय दिसतो, आणि नाव, हार्डवेअर पत्ता, सिग्नल, चॅनल असं सगळं मिळतं. ॲपलने एअरपोर्ट राउटर बनवणं २०१८ मध्येच थांबवलं, पण त्यांच्यासाठी केलेलं हे ॲप असं मागच्या दाराने उपयोगी पडतं. मॅक जवळ असेल तर ऑप्शनची कळ दाबून वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा, वायरलेस डायग्नोस्टिक्स उघडा आणि विंडो मेनूतून स्कॅन निवडा. ते फोनपेक्षा कितीतरी बरं.

उपकरणं शोधणारा स्कॅनर अर्धवट माहिती देतो

नावाच्या घोळामुळे हाही प्रश्न याच दारात येतो. "पूर्वी सगळ्या उपकरणांचे मॅक पत्ते (म्हणजे हार्डवेअर पत्ते) आणि कंपनीचं नाव दिसायचं, आता नुसते आयपी (राउटरने दिलेले क्रमांक) दिसतात किंवा सगळीकडे ०२:००:००:००:००:०० दिसतं." ॲप बिघडलेलं नाही. ज्या तक्त्यातून हे पत्ते वाचले जायचे तो ॲपलने आयओएस ११ मध्ये (२०१७) ॲप्सपासून झाकला, आणि अँड्रॉइडने १० व्या आवृत्तीत. फोनवरून याला इलाज नाही. पत्ते हवेच असतील तर राउटरच्या पानावरची जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा, किंवा लॅपटॉपवरून स्कॅन करा.

आयफोनवर एकही उपकरण दिसत नसेल तर गोपनीयतेच्या सेटिंग्जमध्ये "स्थानिक नेटवर्क" उघडा. आयओएस १४ पासून (२०२०) ही वेगळी परवानगी लागते, आणि पहिल्यांदा विचारलं तेव्हा आपण न वाचता नकार दिलेला असतो. तुम्ही पाहुण्यांसाठीच्या नेटवर्कवर असाल तर तिथं उपकरणांना एकमेकांपासून वेगळं ठेवलेलं असतं, मग स्कॅनरला फक्त राउटर आणि तुमचाच फोन दिसेल. व्हीपीएन चालू असेल तर आधी बंद करा.

यादीत कुणी अनोळखी दिसलं म्हणून घाबरून पासवर्ड बदलणारेही बरेच असतात. आधी मॅक पत्त्याचा दुसरा अंक किंवा अक्षर पाहा. तिथं २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता खोटा, म्हणजे उपकरणाने स्वतः बनवलेला आहे. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खरा पत्ता लपवून प्रत्येक नेटवर्कला असा बनावट पत्ता देतात. तो "घुसखोर" बहुतेक तुमच्याच घरातला, नेटवर्क विसरून पुन्हा जोडलेला किंवा नुकताच अपडेट झालेला फोन निघतो.

रात्रभर नोंद ठेवायची आहे

"रात्री तीनला सिग्नल पडतो, ॲप लावून झोपलो, सकाळी पाहिलं तर पंधरा-सोळाच नोंदी." रेशन आठवा: स्क्रीन बंद झाली, ॲप मागे गेलं, आणि मागच्या सगळ्यांना मिळून अर्ध्या तासात एक. आठ तासांत सोळाच होणार, त्याही दुसऱ्या ॲपने पळवल्या नाहीत तर. सूचनांच्या पट्टीत सतत एक सूचना ठेवून चालणारं ॲप सिस्टीम समोरचंच मानते, त्यामुळे नोंदीसाठी तसली सोय असलेलं ॲप निवडा, त्याला बॅटरीच्या काटकसरीतून सूट द्या आणि फोन चार्जरला लावा. तरी माझं मत विचाराल तर हे काम फोनचं नाही. एखादा जुना लॅपटॉप कोपऱ्यात उघडा ठेवा. विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती असेल तर तिथंही आता लोकेशनची परवानगी मागतात, ती देऊन ठेवा.

दोन फोनांचे आकडे मात्र एकमेकांशी लावून पाहू नका. एकाच टेबलावर शेजारी ठेवलेल्या दोन फोनांत पाच-सहा डीबीएमचा फरक सहज पडतो, कारण अँटेना वेगळे आणि कुठलाच फोन प्रमाणित मोजमापाचं यंत्र नाही. एकच फोन, एकाच पद्धतीने धरलेला, छातीपासून लांब. आणि बघायचा तो दोन जागांमधला फरक.

थ्रॉटलिंग बंद करून मी मागच्या खोलीचं मोजमाप पुन्हा केलं. दाराआधी उणे ५८, दार लावल्यावर उणे ६६, कोपऱ्यात उणे ७३ ते ७५. राउटर खालच्या फळीवरून कपाटाच्या माथ्यावर ठेवला, कोपरा उणे ६७ वर आला. मोजणी झाल्यावर बटण पुन्हा चालू केलं, कारण फोनवर बाकीची पन्नास ॲप्सही आहेत आणि त्यांना हे मोकळं रान द्यायचं कारण नव्हतं.